फ्रेंच ड्रेन फ्रान्सचा नाहीच! हेन्री फ्रेंच या वकिलाची गोष्ट आणि आपल्या भिंतींची ओल

पावसाळा सुरू झाला की भिंतीच्या खालच्या फूट-दोन फुटांत रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर उपाय शोधायला बसतं. दोन-चार व्हिडिओ बघून झाले की एक शब्द हमखास समोर येतो, फ्रेंच ड्रेन. घराच्या बाजूने चर खणायचा, तळाला भोकं असलेला पाइप टाकायचा, वर खडी भरायची, आणि जमिनीतलं पाणी पायापर्यंत पोचायच्या आधीच त्याला दुसरी वाट काढून द्यायची. आयडिया एवढीच आहे.

नावावरून वाटतं की हे तंत्र फ्रान्सचं असणार. पण त्याचा फ्रान्सशी काही संबंध नाही. 'फ्रेंच' हे आडनाव आहे. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे एक अमेरिकन वकील होते, पुढे ते न्यायाधीशही झाले. इंजिनिअर ते नव्हते, आणि खडी भरलेला चर हा त्यांचा शोधही नव्हता. तरी नाव त्यांचंच चिकटलं. का चिकटलं, हे कळलं की आपल्या घराभोवती चर कुठून खणायला सुरुवात करायची हेही कळतं. म्हणून आज त्यांची गोष्ट.

वकील, पण चिखलात पाय असलेला

हेन्री यांचा जन्म १४ ऑगस्ट १८१३ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या चेस्टर गावातला. वडील डॅनियल फ्रेंच हे वकील, राज्याचे ॲटर्नी जनरल राहिलेले. मुलगाही त्याच वाटेने गेला. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये शिकला, वकिली सुरू केली, आणि राज्याच्या मुख्य न्यायाधीशांची मुलगी ॲन रिचर्डसन हिच्याशी लग्न केलं. पुढे एक्सेटर गावात बस्तान बसलं, चार मुलं झाली. १८५५ साली हेन्री न्यायाधीश झाले. इथपर्यंत सगळं एखाद्या सुखवस्तू वकील घराण्यासारखं.

पण या माणसाला शेतीचं वेड होतं. नुसतं हौस म्हणून नाही. स्वतःच्या जमिनीत प्रयोग करायचे, 'न्यू इंग्लंड फार्मर' या नियतकालिकात लिहायचे. आणि त्यांच्या भागातल्या शेतकऱ्यांचं एक मोठं दुखणं होतं, ओली जमीन. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात बर्फ वितळतो, आणि सगळं पाणी मातीत बसून राहतं. पेरणीची वेळ येते तरी शेतात पाय घालता येत नाही. आपल्याकडे वाळवा, मिरज, पलूस भागात ज्याला पाणथळ किंवा चिबड जमीन म्हणतात, त्याच्या जवळपासचा प्रकार. कारणं वेगळी आहेत. आपल्याकडे कालवे, उपसा सिंचन आणि उसाला दिलेलं जास्तीचं पाणी, तिकडे बर्फ. पण मुळांजवळ पाणी साचलं की पीक गुदमरतं, हे दोन्हीकडे सारखंच.

१८५६ साली ॲन वारली. सगळ्यात धाकटा मुलगा, डॅनियल, तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, १८५७ मध्ये, हेन्री युरोपच्या दौऱ्यावर गेले.

इंग्लंडमध्ये काय पाहिलं

इंग्लंडमध्ये तेव्हा जमिनीखालून पाणी काढण्याचं काम जोरात होतं. सरकारने त्यासाठी जमीनमालकांना कर्जं दिली होती. त्यामागे शंभर वर्षांची धडपड होती. जोसेफ एल्किंग्टन नावाच्या शेतकऱ्याने १७६४ च्या सुमारास स्वतःच्या शेतात चर खणता खणता तळात लोखंडी पहार ठोकली, तर खालून दाबलेलं पाणी उसळून वर आलं. त्याच्या लक्षात आलं की शेत वरच्या पावसाने ओलं नाही, खालच्या झऱ्याने ओलं आहे. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने त्याला त्या पद्धतीसाठी हजार पौंडांचं बक्षीस दिलं. १८४५ साली थॉमस स्क्रॅगने मातीचे पाइप काढणारं मशीन बनवलं. त्याआधी या नळ्या हाताने थापायला लागायच्या. मशीन आल्यावर भाव उतरला आणि फूटभर लांबीच्या भाजक्या नळ्या, आपल्या जुन्या खापरी नळांच्या चुलतभावंडांसारख्या, मैलोन्मैल जमिनीत गेल्या.

अमेरिकेत हे अगदी नवीनही नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ जॉन जॉन्स्टन नावाचा स्कॉटलंडहून आलेला शेतकरी १८३८ पासून अशा नळ्या शेतात पुरत होता. शेजारी हसायचे, म्हणायचे हा माणूस जमिनीत भांडीकुंडी पुरतोय. त्याचा गहू शेजाऱ्यांपेक्षा चांगला यायला लागल्यावर हसणं कमी झालं.

म्हणजे ज्ञान होतं, पण विखुरलेलं. थोडं इंग्लंडच्या अहवालांत, थोडं जॉन्स्टनसारख्यांच्या शेतात, थोडं चर खणणाऱ्या मजुरांच्या हातात. सामान्य शेतकऱ्याला कळेल असं एका जागी काही नव्हतं. हेन्री यांनी ते काम केलं. १८५९ साली न्यूयॉर्कमधून त्यांचं 'फार्म ड्रेनेज' हे पुस्तक आलं. दगड, लाकूड, उघडे चर, नळ्या, सगळ्या पद्धती त्यात आल्या. खोली, उतार, नळीचा व्यास, खर्च, अवजारं, चुका, सगळ्याचा हिशेब. आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी सगळ्या फुटकळ व्हिडिओंचं एक नीट मॅन्युअल केलं. नाव चिकटलं ते त्या पुस्तकामुळे.

यात एक गंमत आहे. आज फ्रेंच ड्रेन म्हटलं की डोळ्यासमोर दगड-खडी भरलेला चर येतो. पण स्वतः हेन्री यांची पसंती नळ्यांना होती. पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्यांनी तसं सांगून टाकलंय. नुसत्या दगडांच्या फटीत माती बसते, उंदीर-घुशी घर करतात, आणि दगड वाहून आणायचा खर्चही कमी नसतो. त्यामुळे तुमचा गवंडी पाइप कशाला, नुसती खडी पुरे असं म्हणाला, तर ते फ्रेंच यांच्या विरुद्ध आहे, एवढं त्याला सांगायला हरकत नाही.

तळघराचं प्रकरण

आपल्यासाठी पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग शेतीचा नाहीच. शेवटाकडे एक प्रकरण तळघरांवर आहे. न्यू इंग्लंडमध्ये घराखाली तळघर असायचंच, बटाटे-सफरचंदं त्यात साठवायची. आणि ती तळघरं पाण्याने भरायची. हेन्री यांनी ओल्या तळघराचा संबंध घरातल्यांच्या तब्येतीशी जोडला, आणि सांगितलं की आतून सिमेंट थापून हे थांबणार नाही. पाणी बाहेर दाब देत उभं असेल तर ते आज ना उद्या फट शोधतंच. भिंतीशी भांडण्यापेक्षा पाण्याला तिच्यापासून लांब न्या.

१८५९ सालची ही गोष्ट आजही आपल्याकडे कुणी ऐकत नाही. ओल दिसली की आधी वॉटरप्रूफिंगचा डबा येतो, दोन वर्षांनी पापुद्रे परत.

आता सातारा-सांगलीकडे येऊ, कारण इथे एकाच नदीच्या काठाला दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे, पाऊस प्रचंड. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. वर माती आणि मुरूम, खाली काळा कातळ. पाणी मुरमातून पटकन खाली जातं, कातळावर आदळतं आणि त्याच्या पाठीवरून उताराने सरकायला लागतं. तुम्ही डोंगर कापून घर बांधलं असेल, तर मागची भिंत नेमकी त्याच्या वाटेत उभी असते. सातारा शहरात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावरही तोच प्रकार होऊ शकतो. इथे फ्रेंच ड्रेन उत्तम चालतो. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर घ्यायचा, पाणी अडवायचं आणि दोन्ही बाजूंनी खाली सोडायचं.

सांगलीकडे, कृष्णाकाठच्या खोल काळ्या मातीत, गोष्ट वेगळी आहे. ही माती पाणी धरून ठेवते, सोडते फार हळू. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथे पायाला चिकटून चर खणला, तर त्या बाजूची माती लवकर सुकून आकसणार आणि दुसरी बाजू फुगलेलीच राहणार. मग ओल राहिली बाजूला, भिंतीलाच तडा. त्यामुळे काळ्या मातीत चर भिंतीपासून जरा लांब घ्या, आणि घर जुनं असेल तर खणण्याआधी इंजिनिअरला दाखवा. पायाच्या तळापेक्षा खोल चर तर कुठल्याच मातीत खणायचा नाही.

आणखी एक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की कुठलाही ड्रेन कामाचा नाही. २०१९ सारखा पूर आला तर पाइपचं बाहेरचं तोंडच पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं आत यायला लागतं. फ्रेंच ड्रेन हा पाझराचा इलाज आहे, पुराचा नाही.

सुरुवात शेवटापासून

ड्रेनचं प्लॅनिंग पाणी जिथे बाहेर पडणार तिथून सुरू होतं. आपल्याकडे उलटं होतं. घरामागे चर खणतात, खडी भरतात, आणि मग पाणी सोडायचं कुठे असा प्रश्न पडतो. ज्या चराला तोंड नाही तो चर नव्हे, ती घराशेजारी खणलेली टाकी. म्हणून आधी प्लॉटचा सगळ्यात खालचा कोपरा शोधा. तिथे ओढा, पावसाळी गटार किंवा शोषखड्ड्यासाठी मुरमाड जागा आहे का ते बघा. मग तिथून वर घराकडे मोजत या.

उतार साधारण शंभर फुटांना एक फूट धरा. इथे मोबाइलवाल्यांसाठी एक सूचना. शंभरात एक म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाच्या वर, ०.५७ अंश. अनेक लेव्हल ॲप पूर्ण अंशच दाखवतात, आणि फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो तो वेगळाच. म्हणजे ॲप शून्य दाखवत असताना तुमचा पाइप उलट्या उतारावर असू शकतो. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब असते, ती वापरा. ती चार्जही करावी लागत नाही. फोन दुसऱ्या कामाला घ्या. पहिल्या मोठ्या पावसात अंगणात पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. मे महिन्यात कोरड्या जमिनीवर उभं राहून ते कुणालाच आठवत नाही.

बाकीचं काम साधं आहे. चर फूट-दीड फूट रुंद. आत जिओटेक्स्टाइल कापड, तळाला थोडी धुतलेली खडी, त्यावर चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, वर पुन्हा खडी, आणि कापड वरून गुंडाळून मग माती. पाइपची भोकं खालच्या बाजूला ठेवायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण जमिनीतली पाण्याची पातळी खालून वर चढते, म्हणून पाइपात पाणी खालूनच शिरतं. मातीच्या नळ्यांतही ते सांध्यांमधून असंच यायचं. छताच्या पन्हाळीचं पाणी या पाइपात सोडू नका. त्याला वेगळा बंद पाइप द्या, नाहीतर तेच पाणी भोकांतून पायाकडे जाईल. खरं तर खणण्याआधी पन्हाळच तपासा. निम्म्या घरांची ओल गळक्या पन्हाळीने आणि घराकडे उतरणाऱ्या फरशीने आलेली असते, असा माझा अंदाज. आणि जोत्यातून केशाकर्षणाने वर चढणारी ओल या चराने पूर्ण थांबत नाही, तिला जोत्यातच ओलरोधक थर लागतो.

शेजाऱ्याचं काय?

हेन्री वकील होते, ते इथे दिसतं. त्यांच्या पुस्तकात कायद्यावर वेगळं प्रकरण आहे. त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये गिरण्यांसाठी नद्यांवर बंधारे घातले होते, आणि त्यांच्या वरच्या बाजूची कुरणं पाण्याखाली जात होती. हेन्री यांनी त्यावर कडक लिहिलं. बंधाऱ्याचा फुगवटा दिसतो त्यापेक्षा लांबवर पसरतो आणि शेतकऱ्याचं नुकसान कुणी मोजत नाही, हा त्यांचा मुद्दा. सांगलीत राहणाऱ्याला हे वाचताना अलमट्टीचा वाद आठवल्याशिवाय राहणार नाही. तो वाद इथे सोडवायचा नाही, पण प्रश्न किती जुना आहे ते दिसतं.

दुसरा प्रश्न छोटा, पण भांडणाचा. माझ्या शेतातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मध्ये दुसऱ्याची जमीन. सांगली जिल्ह्यातल्या क्षारपड जमिनीत आज जे सच्छिद्र पाइप एक-दीड मीटर खोल टाकतात, तिथेही पाइपपेक्षा अवघड गोष्ट असते ती सगळ्यांना मिळून एक निकास काढण्याची. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलंय. तंत्र माहीत आहे, पण एकट्याने होत नाही.

आपल्याकडचा कायदा थोडक्यात असा. १८८२ च्या इझमेंट ॲक्टनुसार वरच्या जमिनीवरचं नैसर्गिक पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू द्यावं लागतं. शेतजमिनीत असा प्रवाह कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण तुम्ही पाणी पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलंत, तर ते नैसर्गिक वाहणं राहत नाही. ड्रेनचं तोंड शेजाऱ्याकडे वळवण्याआधी त्याच्याकडे चहाला जा.

कॉलेज, मुलगा आणि वॉशिंग्टन

पुस्तक आलं त्याच वर्षी हेन्री यांनी पामेला प्रेंटिस यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये वकिली सुरू केली. १८६४ साली त्यांना मोठं पद मिळालं. ॲमहर्स्टला नवं कृषी महाविद्यालय निघणार होतं, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. पण इमारत कुठे बांधायची यावरून विश्वस्तांशी बिनसलं, आणि १८६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पहिले विद्यार्थी आले १८६७ च्या ऑक्टोबरात. म्हणजे पहिल्या अध्यक्षांनी एकही विद्यार्थी पाहिला नाही. ते कॉलेज आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं.

मग हेन्री कॉन्कॉर्डला शेत घेऊन राहिले. धाकटा डॅनियल एमआयटीत वर्षभर जाऊन नापास होऊन परतला आणि बापाच्या शेतात राबायला लागला. एक दिवस त्याने सलगमातून कपडे घातलेला बेडूक कोरला. सावत्र आईने तो बघितला आणि पोरात काहीतरी आहे हे ओळखलं. हेन्री यांनी बोस्टनहून माती आणून दिली. इंजिनिअरिंगला नापास झालेल्या मुलाला शिल्पकाम करू द्यायचं, हे १८६० च्या दशकातल्या न्यायाधीश बापाला सोपं गेलं असेल असं वाटत नाही. १८७५ साली कॉन्कॉर्डमध्ये डॅनियलचा 'मिनिट मॅन' हा पुतळा उभा राहिला.

१८७६ पासून हेन्री वॉशिंग्टनला अमेरिकेच्या अर्थखात्यात सहायक सचिव होते. नऊ वर्षं ती नोकरी केली आणि १८८५ मध्ये कॉन्कॉर्डला परतले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला ते गेले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. डॅनियलने पुढे वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलमधला खुर्चीत बसलेला लिंकन घडवला. १९२२ साली ते स्मारक लोकांसाठी उघडलं. अमेरिकेची पाच डॉलरची नोट हातात आली तर उलटी करून बघा, मागच्या बाजूला तेच स्मारक आहे, आणि खांबांच्या मधोमध हेन्री यांच्या धाकट्याने घडवलेला लिंकन बसलेला दिसतो.